हेमूचं रडणं, माझ्या मनगटावर

१२ जानेवारी २०२५, रविवार

भागाकाकूंनी दार तोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं म्हणे.

मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भरताची वांगी भाजत होते. आई, म्हणजे सासूबाई, देवळात गेलेल्या, ललित कंपनीत. हेमू पाळण्यात झोपली आहे असं मी धरून चालले. दर दहा मिनिटांनी जाऊन बघते मी, रोज बघते! आज एक वांगं जळत होतं म्हणून राहिलं. शेजारच्या भागाकाकू मागच्या दाराने आत आल्या, माझा खांदा धरून मला गर्रकन फिरवलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. त्यांचे ओठ एवढंच म्हणत होते – अर्धा तास. अर्धा तास झाला.

हेमूचं तोंड लाल, घाम, हुंदके. पाच महिन्यांचं पोर. मला बघून गप्प झाली. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी बैठक. आई, ललित, भागाकाकू. मी समोरच बसलेली, पण तिघं एकमेकांकडे तोंड करून बोलत होती. म्हणजे मला वाचता येऊ नये! नवव्या वर्षी मेंदूज्वरात कान गेले, तेव्हापासून अठरा वर्षं ओठ वाचतेय मी. बाजूने दिसलेले ओठही वाचते. आई म्हणाल्या, “पोरगी आते मन्हाजोडे ऱ्हाई.” सासूबाई अमळनेरच्या, मी बोदवडची. त्यांची अहिराणी ओठांवरून वाचायला मला लग्नानंतर वर्ष लागलं. आज वाटलं, शिकलेच नसते तर बरं.

ललित काही बोलला नाही. पाळणा उचलून आईंच्या खोलीत नेला.

१३ जानेवारी

पाळण्याच्या पायांच्या चार खुणा फरशीवर राहिल्यात. पुसल्या. निघत नाहीत.

१६ जानेवारी

दूध पाजायला हेमू माझ्याकडे, बाकी सगळं आईंकडे. मी आता दुधाची गाडी आहे. ठरलेल्या वेळी यायचं, रिकामं व्हायचं, जायचं.

ललित रात्री पाइप कंपनीतून आला तो एक खोका घेऊन. स्मार्टवॉच! फोनवर टाइप करून दाखवलं – “फोनला बाळाचं रडणं ओळखता येतं म्हणे. फोन पाळण्याजवळ ठेवायचा, घड्याळ तुझ्या हातात.” त्या दिवशी गप्प का बसला ते विचारायचं होतं. नाही विचारलं. त्याचे डोळे सांगत होते की चार दिवस तो हेच शोधत होता.

१९ जानेवारी, रविवार

घड्याळ बेकार.

दिसायला सुंदर आहे. पावलं मोजतं, फुलांचे फोटो दाखवतं. पण हेमू रडायला लागल्यापासून माझ्या हातावर कळायला कधी पाऊण मिनिट, कधी काहीच नाही. कळलंच तर एक बारीकशी गुदगुली. पीठ मळताना ती जाणवतच नाही. तेवढीच गुदगुली कंपनीच्या ऑफरलाही! “कांदे-बटाटे” ओरडत जाणाऱ्या गाडीवाल्याला तर ते बाळ समजतं.

थरथर वाढवायची सोय नाही. ऑफर बंद करायची सोय नाही. सगळ्या सेटिंगा पाहिल्या. घड्याळ कंपनीचं आणि हात माझा!

ललितने परत केलं. त्याचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, तू चांगलं आणलंस, त्यांनी वाईट बनवलंय.

२१ जानेवारी

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, हे मी स्वतःच विसरले होते की काय? लग्नाआधी तीन वर्षं एमआयडीसीत दिव्यांच्या कारखान्यात बोर्डं डागली, म्हणजे सोल्डरिंग केलं. दिवसाला दोनशे. माझा हात हलत नाही म्हणून सुपरवायझर बारीक काम मलाच द्यायचे.

आज दुपारभर इंटरनेटवर वाचत बसले. जगात माझ्यासारखी वेडी माणसं पुष्कळ आहेत! काही स्वस्त घड्याळांच्या आत अशी चिप असते की तिच्यातला कंपनीचा प्रोग्राम पुसून आपला भरता येतो. चार तारा जोडायला जागा हवी, बस. कुठल्या घड्याळात ती चिप असेल हे वरून कळत नाही. उघडूनच बघावं लागतं.

म्हणजे मला नवं नकोच आहे. मला मेलेली घड्याळं हवीत. पुष्कळ.

२५ जानेवारी, शनिवार

गोलाणी मार्केट! सकाळी अकरा ते दुपारी दोन. सात दुकानं. सहा जणांनी माझ्या बोलण्यावरून मला वेडी ठरवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे कधी फार मोठा लागतो. शेजारची दोन गिऱ्हाईकं दचकली. दचकू दे.

सातवा योगराजभाऊ, मोबाइल रिपेअरिंगवाला. कपाळावर भिंग, तोंडात पुडी. पुडी चघळत बोलला की ओठ वाचायचे कसे? म्हटलं, “आधी थुंका, मग बोला. मी बहिरी आहे.” तो उठला, बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला! आणि अगदी शिक्षकासारखा तोंड उघडून म्हणाला – “बोला – ताई – काय – पाहिजे?”

काय पाहिजे ते सांगितलं. त्याने टेबलाखालून बुटाचं खोकं काढलं. लोकांनी टाकून दिलेली घड्याळं. काच फुटलेली, पट्टा तुटलेली, पाण्यात पडलेली. त्याच्याच स्टुलावर बसून, त्याचंच भिंग लावून मी एकेक उघडलं. पहिली चार – नाही. पाचवं – नाही. आठव्याची पाठ उघडली आणि चिपवरचा नंबर वाचला. परत वाचला. भिंग पुसून तिसऱ्यांदा वाचला.

तोच! आणि शेजारी चार सोनेरी ठिपके, तारा जोडायला जणू माझ्यासाठीच ठेवलेले.

मी ओरडले बहुतेक. सगळं दुकान वळलं. त्याच जातीची आणखी तीन निघाली. योगराजभाऊने ती खोक्यासकट दिली, पैसे घेईना. म्हणाला, “चाललं तर आणून दाखवा फक्त.”

२८ जानेवारी

पहिलं जाळलं. उलट तार जोडली. एक बारीक धुराची रेघ आणि संपलं. आई दारात – “घरमा काय जाळी ऱ्हायनी?”

काही नाही म्हटलं. दोनशे बोर्डं डागणारी मी! हात हलला, कारण घाई होती. आई हेमूला दुधासाठी घेऊन यायच्या आत करायचं होतं. घाईत करायचं नाही हे काम. तीन राहिली.

३१ जानेवारी

दुसऱ्या घड्याळाच्या चिपला कुलूप होतं. आतला प्रोग्राम ती वाचू देत नाही. फक्त पूर्ण पुसू देते. पुसलं की कंपनीचं सगळं गेलं – वेळ, पावलं, फुलं, सगळं. मागे फिरायला वाट नाही. त्यानंतर माझं चाललं तर चाललं, नाहीतर तो काचेचा खडा.

बोट बटणावर ठेवून पाच मिनिटं बसले. मग दाबलं.

काळी काच. काहीच नाही.

परदेशातल्या कुणा भल्या माणसाने फुकट ठेवलेला प्रोग्राम होता – नुसता सांगाडा. तो भरला. काच तशीच काळी. तार हलवली, परत भरला. काळी. तिसऱ्यांदा भरला आणि काच उजळली! नुसता पांढरा चौकोन. पण तो माझ्या सांगण्यावरून पांढरा होता!

ललितला दाखवला. तो म्हणाला, “यात तर काहीच नाही.” अरे, तेच तर! आता यात जे येईल ते माझं.

२ फेब्रुवारी, रविवार

मराठी अक्षरं या घड्याळाला येत नाहीत. चौकटीच्या वहीत एकेक घर काळं करून मी “हेमू” काढलं. दीर्घ ऊकाराची शेपटी तीनदा चुकली. ललितने घरं मोजून दिली. दोघं जमिनीवर पालथी पडून, कॉलेजातल्या पोरांसारखी!

रात्री जेवताना घड्याळावर “हेमू” उमटलं. ललितने माझा हात धरून ते आईंना दाखवलं. आईंनी बघितलं. भाकरी मोडली.

६ फेब्रुवारी

आज मी हेमूचं रडणं पाहिलं.

पाळण्याला लावायचा दुसरा भाग तयार केलाय. साबणाच्या डबीत एक छोटं बोर्ड आणि माइक. तो ऐकेल आणि घड्याळाला कळवेल. पण काय ऐकायचं, हे त्याला मी सांगायला हवं. आणि मला तर ठाऊक नाही माझी मुलगी कशी रडते! म्हणून आवाज रेकॉर्ड करून लॅपटॉपवर त्याचं चित्र काढलं.

कुकरची शिट्टी ही एक सरळ जाड रेघ. मिक्सर म्हणजे काळा ठोकळा. भागाकाकूंचं बोलणं म्हणजे शिवणयंत्राची टीप, थांबतच नाही. आणि हेमूचं रडणं – एक डोंगर चढतो, वर जाऊन थरथरतो, उतरतो. मग मोकळी जागा. श्वास घेते तिथे! मग पुन्हा डोंगर, पहिल्याहून उंच. मग पुन्हा.

सातपुड्याची रांग दिसते थंडीत, तशी.

फार वेळ बघत बसले. पाच महिन्यांनी भेट झाली. तिच्या श्वासाची जागा मला आता पाठ आहे. तीन डोंगर, मधे दोन मोकळ्या जागा – एवढं दिसलं की हात हलवायचा. असं लिहिलं प्रोग्राममध्ये.

१० फेब्रुवारी

अजून चुकतं. आज तेवीस वेळा हात हलला, त्यातले हेमूचे नऊ.

पण गंमत सांगू? बाकीच्या चौदांमागे मी धावले आणि घर किती बोलतं ते कळलं! पाळण्याची कडी करकरते. पंख्याचं पातं कशाला तरी घासतं. खिडकीत दोन साळुंक्या भांडतात, डबी त्यांना बाळं समजते. आई अंगणात कोणाला तरी लांब हाका मारतात. अठरा वर्षं मला हे घर, ते घर, सगळी घरं शांत वाटत होती.

साळुंक्यांना प्रोग्राममधून वगळलं. जरा वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बारापैकी बारा!!

आणि थरथर माझी, मी ठरवलेली. एक लांब, दोन तोकड्या. पीठ मळताना कळते, कपडे पिळताना कळते. हेमू रडायला लागल्यापासून चार सेकंद. तिच्या तोंडाकडे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. नंतर एकदा मी धावत पाळण्यापाशी पोचले तर आई नुकत्या तिला खांद्यावर घेत होत्या. मला बघून थबकल्या.

१८ फेब्रुवारी

परीक्षा!

सकाळी आई स्वतःच म्हणाल्या, “चाल, दखू तुनं घड्याय.” मला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. राखणीला माझ्या बाजूलाच भागाकाकू, मी वळू नये म्हणून. आई आत हेमूजवळ. दार लोटलेलं.

काही नाही. काही नाही. मग काकूंचा चेहरा बदलला. नंतर त्यांनी सांगितलं की आईंनी ताट आपटलं होतं. घड्याळ गप्प! मग म्हणे आई खोकल्या, दार वाजवलं, कसलंसं गाणंही म्हणाल्या. गप्प. मी भिंतीवरचा तेलाचा डाग बघत उभी.

मग – एक लांब, दोन तोकड्या. धावले. दार ढकललं.

हेमू गाढ झोपलेली. आणि आई पाळण्याशेजारी ओणव्या, तोंडाचा चंबू करून, डोळे मिटून – बाळासारख्या रडत होत्या! श्वास घेऊन घेऊन! घड्याळाला फसवायला! डोळे उघडले तर समोर मी.

आधी मी हसले. मग काकू. मग आईंचा पदर तोंडावर आणि खांदे गदगदायला लागले. हेमू जागी झाली आणि खरंच रडली. घड्याळ परत हललं. आम्ही तिघी हसतोय आणि घड्याळ हलतंय!

आई म्हणाल्या, “मन्ही नक्कलबी वळखस मेलं.”

पास!

१९ फेब्रुवारी

पाळणा परत माझ्या खोलीत. दिवसा पुढच्या खोलीत, रात्री माझ्याजवळ. ललितने उचलला, आईंनी मागचा पाय धरला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

योगराजभाऊंना दाखवून आले. मला बघताच न सांगता बाहेर जाऊन थुंकून आले. घड्याळ हातात घेतलं, फिरवलं, “हेमू” वाचलं. शेजारच्या सगळ्या दुकानदारांना बोलावलं. मला वेडी ठरवणारे सहापैकी चार आले! योगराजभाऊ त्यांना काय सांगत होते ते ओठांवरून नीट दिसलं – “कंपनीचं पुसून ताईंनी स्वतःचं भरलं. स्वतःचं!”

येताना रिक्षात पिंप्राळ्याला घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

२ मार्च, रविवार

आज जे झालं ते आधी लिहून टाकते, मग विचार करते.

ललितला जादा ड्यूटी. सकाळी आईंनी ज्वारीचा घाटा शिजवून दिला, मी गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला गेले. हेमू खाली पुढच्या खोलीत पाळण्यात, शेजारी आई मेथी निवडत बसलेल्या. स्लॅबमधून घड्याळापर्यंत निरोप पोचेल की नाही ही शंका होती, म्हणून मुद्दाम हातात ठेवलं.

पाचवी बिबडी थापत होते. एक लांब, दोन तोकड्या. पोचतं! मी खूश. आई आहेतच जवळ, घेतील. सहावी थापली. पुन्हा हललं. पुन्हा. पुन्हा. थांबेचना. हात तसेच भरलेले, मी जिना उतरून धावले.

हेमूचा पाय पाळण्याच्या जाळीत अडकलेला. गुडघ्यापर्यंत. पिळवटून रडत होती, रंग बदललेला. आणि आई हातभर अंतरावर, पाळण्याकडे पाठ करून, शांतपणे मेथीची पानं खुडत होत्या. एकेक. सावकाश.

मी पाय सोडवला. वळ उठलाय, बाकी काही नाही. हेमूला छातीशी घेतलं तेव्हा कुठे आईंनी वर पाहिलं.

मी ओरडले. किती मोठ्याने, माहीत नाही. “परीक्षा घेत होतात? अजून? पोराचा पाय मोडला असता! मी येते की नाही हे बघायला तुम्ही तिला रडू दिलंत?”

आईंनी मेथीचं ताट खाली ठेवलं. मी वाचायला बघत होते, पण वाचायला काही नव्हतं. उठल्या, आपल्या खोलीत गेल्या, दार लावलं. दुपारी जेवल्या नाहीत.

ललितला अजून सांगितलं नाही. सांगणार आहे. ही बाई मला कधीच –

इथेच थांबते.

३ मार्च, सोमवार

ललित कामावर गेल्यावर आई माझ्या खोलीत आल्या. माझ्या अगदी समोर बसल्या, उजेडाकडे तोंड करून. इतक्या सरळ त्या माझ्याशी कधीच बसल्या नव्हत्या.

“माले ऐकू येस नही. वरीस व्हयनं. ललितले सांगू नको.”

त्या हळूहळू बोलत होत्या, एकेक शब्द. पोरगी स्वतःकडे ठेवली खरी, पण रात्रभर तिच्या पोटावर हात ठेवून जाग्या असायच्या. पोट हललं की कळायचं. “तुले बठ्ठा बहिरी म्हनतस. मी कोनले सांगू?” बठ्ठा म्हणजे सगळे.

मीही तेच करायची, पहिले पाच महिने. तसाच हात, पोटावर.

मग त्यांनी डावा हात पुढे केला.

“मालेबी एक बांधी दे.”

बुटाच्या खोक्यातलं तिसरं घड्याळ काढलं. मनगट फार बारीक आहे त्यांचं, पट्टा सैल पडतो. मी सुई गॅसवर तापवली आणि पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं.